एकशे सेहेचाळीस दिवे

"नाना, लुकलुकतोय का?"

इंटरकॉममध्ये नुसती खरखर. मग खुर्चीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक शिवी. ती मला नव्हती, खुर्चीला होती.

"थांब की जरा. बघतोय न्हवं?"

मी थांबले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या नाट्यगृहात रंगमंचामागच्या मेकअपच्या खोल्या ओलांडल्या की एक पॅनल रूम लागते. तिला खिडकी नाही. भिंतीवरच्या पेटीला दोन हात लांबीच्या वायरनं लॅपटॉप बांधलेला आणि लॅपटॉपला मी. समोर स्क्रीनवर एकशे सेहेचाळीस ओळींची यादी. प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवा. ओळीवर क्लिक केलं की नाट्यगृहात कुठेतरी तो दिवा लुकलुकायला लागायचा. कुठे, ते सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. ते शोधून सांगायला नाना हॉलमध्ये उभे होते. नानांनी सांगितलं की मी त्या ओळीपुढे लिहायचं, 'बाल्कनीखालचा दुसरा' किंवा 'फॉयर, तिकीट खिडकीवरचा', आणि पुढच्या ओळीवर जायचं.

"गावला," नाना म्हणाले. "उजवीकडची भित. मागनं चौथा."

मी लिहिलं. तेवीस झाले होते. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

"नाना, असं केलं तर दिवाळी उजाडेल. जरा लवकर सांगा की."

याला आता बारा वर्षं झाली, पण हे वाक्य मी ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला अजून आठवतो. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला, दोन वर्षं घरी बसून काढलेली आणि नगरपालिकेत ठेकेदारामार्फत सहा महिन्यांसाठी लागलेली. वर्षभर बंद असलेलं नाट्यगृह नवं करून झालं होतं. खुर्च्या नव्या, छत नवं आणि छतातले दिवे तर इतके नवे की त्यांना बटणच नव्हतं. आत शिरल्यावर डाव्या हाताला पूर्वी काळ्या बटणांची एवढी मोठी फळी होती, ती काढून तिथे सहा कळांची एक पांढरी पट्टी बसवली होती. बाकी सगळा कारभार सॉफ्टवेअरचा.

नानांना हे मुळातच पटलं नव्हतं. "बटान न्हाई म्हंजे दिव्यानं ऐकायचं कुणाचं?" असं ते येईल त्याला विचारायचे. हिंदुराव चौगुले हे त्यांचं नाव हजेरीपटापुरतं. गावाला ते नाना. एकतीस वर्षांपूर्वी हे नाट्यगृह उभं राहिलं तेव्हा त्याची पहिली वायर नानांनी ओढली होती आणि तेव्हापासून ते तिथले वायरमन होते. मार्चअखेर रिटायर व्हायचे होते.

मार्चवर माझंही गणित होतं. हॉलवर कायम नोकरीतला एक वायरमन हवाच, अशी अट होती. त्याच्या हाताखाली मी. नाना रिटायर झाले की त्यांच्या जागी मला घ्यायचं, असं आमच्या विद्युत विभागाच्या ताटेसाहेबांच्या मनात होतं. पण साहेब सरळ माणूस, त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "स्वप्नाली, शनिवारी संध्याकाळी उद्घाटन आहे. तोवर दिवे तुम्ही दोघांनी चालवून दाखवा. नाही जमलं तर मी पुण्याच्या कंपनीलाच वर्षाचं काम देणार. मग त्यांचा माणूस येईल, तुझी गरज राहणार नाही." त्या दिवशी बुधवार होता.

पुण्याच्या कंपनीचा माणूस म्हणजे सौमित्र. तो मंगळवारी येऊन, दोन तास शिकवून गेला होता. मुलगा चांगला होता, पण त्याच्या शिकवण्यात मधल्या पायऱ्याच नव्हत्या. आधी दिव्यांना पत्ते द्यायचे, मग पत्त्यांचे ग्रुप करायचे, ग्रुपचे झोन आणि झोनवर सीन बसवायचे. सीन म्हणजे, प्रेक्षक आत येताना दिवे कसे, नाटक सुरू होताना कसे, मध्यंतरात कसे, हे एकदाच ठरवून ठेवायचं आणि मग एका कळीवर सगळं आपोआप. "असे सोळा सीन करता येतात," तो म्हणाला. नाना म्हणाले, "सोळा परवेशांचं नाटक बगाय थांबणार कोन?" सौमित्र हसला आणि पुढे गेला. मी वहीत बाण काढत होते. ग्रुपकडून झोनकडे बाण, झोनकडून सीनकडे बाण, एक बाण सीनकडून पुन्हा ग्रुपकडे कसा आला ते मला आजही सांगता येणार नाही. रात्री घरी वही उघडली तर ते पान बघून आई म्हणाली, "रांगोळी छान आहे."

तर त्या बुधवारी, मी नानांना लवकर सांगा म्हणाले. आणि खरंच, जेवणानंतर काम भराभर व्हायला लागलं. मी क्लिक करायचा अवकाश, नाना सांगायचे. "डावी भित, पैला." मी लिहायचे. "डावी भित, दुसरा." "डावी भित, तिसरा." मला इतका आनंद झाला की मी पॅनल रूममध्ये एकटीच गुणगुणायला लागले. आपल्याला येतंय, असं वाटलं. पाच वाजता एकशे सेहेचाळीसच्या एकशे सेहेचाळीस ओळी भरल्या होत्या. मी त्यांचे ग्रुप केले, ग्रुपचे झोन केले, दोन सीन बसवले आणि धावत हॉलमध्ये आले. नाना पहिल्या रांगेत बसले होते.

"बघा हां नाना. आता 'नाटक सुरू'. पुढचे दिवे आधी विझतील, मग मधले, मग बाल्कनी. जिन्यावरचे तेवढे राहतील."

मी कळ दाबली. पुढचे दोन विझले. मग बाल्कनीतला एक. मग एकदम दारावरचा. जिन्यावरचे सगळे गेले आणि नानांच्या डोक्यावरचा मात्र आणखी प्रखर झाला. बाहेरून वॉचमन पोर्चचा दिवा गेला म्हणून ओरडत आला. पोर्चला तर मी हातही लावला नव्हता.

"हे काय गं?" नाना म्हणाले.

"माझंच काहीतरी चुकलंय," मी म्हणाले.

मला तेव्हा खरंच तसं वाटलं. दुसरं कुणाचं चुकणार? नानांनी लॅपटॉपला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

गुरुवारी मी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणजे पुसलं असं मला वाटलं. स्क्रीनवर एक चौकट आली आणि तिनं विचारलं, फक्त ग्रुप पुसू की पत्तेही? मी पत्तेही म्हणाले. मग तिनं विचारलं, नक्की? या प्रश्नानं माझी पाचावर धारण बसली. मी नक्की म्हणाले तर दिव्यांनी नवेच नंबर घेतले. आदल्या दिवशीचा बारावा आता एकशे तिसरा. वहीतली पानं रद्दीत जमा. पुन्हा मी क्लिक, पुन्हा इंटरकॉम, पुन्हा नाना. सकाळी वेळ लागायचा, खुर्च्या आपटायच्या, नाना वैतागायचे. दुपारनंतर गाडी रुळावर. डावी भिंत पहिला, दुसरा, तिसरा. संध्याकाळी सीन लावून बघितला तर तीच तऱ्हा. फक्त वेडे दिवे वेगळे होते. काल जिना गेला होता, आज स्वच्छतागृहाबाहेरचा मंद मंद होत विझला, अगदी नाटकात विझावा तसा.

ताटेसाहेब नेमके तेव्हाच आले. त्यांनी तो दिवा विझताना पाहिला.

"हे मुद्दाम आहे का?" त्यांनी विचारलं.

नाना मध्ये पडले. "साहेब, पोरगी हुशार हाय. मशीनच नवीन हाय. हुतंय की."

"उद्याचा एक दिवस आहे, नाना."

"हुतंय म्हनलं न्हवं."

साहेब गेले. मला रडू आलं ते त्यांच्या बोलण्याचं नव्हे, नानांच्या बोलण्याचं. हा माणूस दोन दिवस मान वर करून माझ्यासाठी दिवे शोधतोय आणि मला साधी यादी भरता येत नाही. त्या रात्री मी वहीतले सगळे बाण पुन्हा पुन्हा बघितले. ग्रुप बरोबर होते. झोन बरोबर होते. कुठे चुकतंय हे कळत नसलं की आपण सगळीकडेच चुकतोय असं वाटतं, तसं मला झालं होतं.

शुक्रवारी सकाळी मी सौमित्रला फोन लावला. पॅनल रूममध्ये रेंज नव्हती म्हणून फाटकाबाहेर, चहाच्या टपरीजवळ उभी राहून बोलत होते.

"मॅडम, तुम्ही यादी वाचून दाखवा बरं," तो म्हणाला.

मी वाचली. "साठ, डावी भिंत पहिला. एकसष्ट, डावी भिंत दुसरा. बासष्ट, डावी भिंत तिसरा. त्रेसष्ट..."

"थांबा थांबा. हे असं ओळीनं कसं आलं?"

"म्हणजे?"

"मॅडम, सॉफ्टवेअरला तुमची भिंत कुठे माहितीये? ते नंबर चिठ्ठ्या उडवल्यासारखे वाटतं. साठ भिंतीवर, तर एकसष्ट फॉयरमध्ये, बासष्ट बाल्कनीत. दोन लागोपाठ आले तर योगायोग. चार आलेत म्हणजे कुणीतरी न बघता सांगतंय."

मी फोन ठेवला. चहावाल्यानं दिलेला कप तसाच ठेवून आत आले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. मला वाटलं, म्हातारा टंगळमंगळ करतोय. मान दुखते म्हणून खुर्चीत बसून डावी भिंत पहिला-दुसरा सांगतोय आणि इकडे माझी नोकरी चाललीये. मी पॅनल रूममध्ये गेले, एका ओळीवर क्लिक केलं, इंटरकॉमवर म्हणाले, "नाना, लावलाय हं," आणि रिसीव्हर उलटा ठेवून चपला काढून विंगेतून रंगमंचावर आले.

नाना बसलेले नव्हते. मधल्या वाटेच्या पुढच्या टोकाला उभे होते, एका हातात इंटरकॉमचा रिसीव्हर, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. सगळे दिवे बंद होते आणि उजवीकडच्या बाहेर जायच्या दारावर एकच दिवा लुकलुकत होता. मला रंगमंचावरून तो स्वच्छ दिसत होता. नानांनी मान वर केली. छताचा एक तुकडा बघितला. थोडे वळले, पुढचा तुकडा बघितला. असं करत करत ते सबंध गोल फिरले. दाराकडे तोंड झालं तेव्हा त्यांची नजर त्या दिव्याच्या हातभर वरून गेली आणि पुढे सरकली. त्यांनी दुसरा फेरा सुरू केला. खुर्चीच्या हाताला गुडघा लागला. मग ते थांबले, मान खाली घातली आणि डाव्या भिंतीकडे बोट करून मनाशी मोजलं.

"डावी भित," ते रिसीव्हरमध्ये म्हणाले. "सातवा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही. मी तशीच अनवाणी उभी होते.

"नाना."

ते दचकले. आवाज रिसीव्हरमधून आला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी मान वळवून वळवून मला शोधलं. मी समोरच, चार पावलांवर होते.

"कवा आलीस?"

"उजव्या दारावर आहे, नाना. तुमच्या पाठीमागे."

नाना खुर्चीत बसले आणि रिसीव्हर मांडीवर ठेवला.

"उजेड हालतोय ते कळतंय गं," ते म्हणाले. "कुठनं येतोय ते गावत न्हाई. पैल्यांदा हुडकत हुतो. तू घाई लावलीस. मग म्हनलं, लाइन तर मीच वडलीया. पॅनलपासनं डावी भित, बाल्कनी, उजवी भित, फॉयर. एकतीस वरसं दिवं त्याच लाइनीनं लागत्यात. एकाम्होरं एक. हे बी तसंच आसंल की."

"तुम्हाला दिसत नाही?"

"समोरचं झ्याक दिसतंय. पेपर वाचतो. मघाशी वॉचमनच्या बॅटरीचा स्क्रू बसवून दिला. बाजूचं तेवढं ऱ्हातंय. मोतीबिंदू आसनार. थोरल्या भावाला बी झाला हुता. काडला की झालं."

"मग काढा की."

"मार्च झाल्यावर." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आता नीट, समोरून. "आता दवाखान्यात गेलो तर हापिसात दाखला मागतील. नजर कमी भरली की वायरमनचं काम काडून घेत्यात. मला गेटवर बशिवतील. त्याचं काय न्हाई. पर मग हॉलवर कायम मानूस न्हाई ऱ्हात. हॉल कंपनीला. मग तू कुटं जातीस?"

मी विचार केला, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी विचार केला नाही.

"बरं," मी म्हणाले. "मार्चनंतर."

त्यानंतर आम्ही जागा बदलल्या. नानांना पॅनल रूममध्ये लॅपटॉपसमोर बसवलं आणि खाली जाण्याचा बाण दाखवला. "मी 'पुढचा' म्हणाले की हा एकदा दाबायचा. मी सांगीन ते वहीत लिहायचं." समोरचं त्यांना खरोखर लख्ख दिसत होतं. मी हॉलभर, बाल्कनीभर, फॉयरभर पळत होते आणि इंटरकॉमवर ओरडत होते. जिथे वायर पुरत नव्हती तिथून वॉचमन निरोप पोचवत होता. "एकसष्ट, फॉयर, पाण्याच्या टाकीवर!" "बासष्ट, बाल्कनी, डावीकडून सहावा!" चिठ्ठ्या उडवल्यासारखेच होते ते. संध्याकाळी वही बघितली तर नानांचं अक्षर छापल्यासारखं, एक खाडाखोड नाही.

शनिवारी दुपारी दोनला शेवटचा दिवा सापडला. चार वाजता 'नाटक सुरू'ची कळ दाबली आणि पुढचे दिवे विझले, मग मधले, मग बाल्कनी. जिन्यावरचे राहिले. नाना टाळ्या वाजवत होते. सहाला उद्घाटन झालं, आमदारांचं भाषण झालं, कुणी दिव्यांबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणजे सगळं बिनचूक झालं होतं. ताटेसाहेब तेवढे मागे येऊन म्हणाले, "नानांची नजर आहे म्हणून मी निर्धास्त आहे." नाना माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

पुढचे पाच महिने आमचं छान जमलं. छतातलं काम मी करायचे, रजिस्टरवर सही नाना करायचे. गर्दीत ते माझ्या खांद्याला हात लावून चालायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याचा पोरीवर जीव आहे. तो होताच. डबा खाताना ते मला कुठली वायर कुठून जाते ते सांगायचे, सॉफ्टवेअरला कधीच कळणार नाही असं पुष्कळ सांगायचे. ऐकताना मला वाटायचं, आपल्याइतकं या माणसाच्या जवळचं कुणी नाही. मला ते आवडायचं.

डिसेंबरात एकदा मी म्हणाले होते, "नाना, एकदा मिरजेला डोळे नुसते दाखवून येऊ या का? कुणाला सांगायचं नाही." ते म्हणाले, "मार्च झाल्यावर." आणि मला हायसं वाटलं. हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही. जानेवारीत रंगमंचाच्या बाजूच्या जिन्यावर त्यांची एक पायरी चुकली, ते पडले, मनगट मुरगळलं. लोक धावत आले. मी म्हणाले, "केबल पडली होती, तिच्यात पाय अडकला." तिथे केबल नव्हती. मी आतून आणून टाकली, ताटेसाहेब बघायला यायच्या आत.

मार्चअखेर निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नेमणुकीचा कागद निघाला. नानांनी पेढे वाटले, मी वाटायच्या आधी.

त्यांचा मुलगा गुजरातेत होता. म्हणून मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात नाना, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, आणि मी असे तिघं गेलो. मोतीबिंदूच आहे, दोन दिवसांचं काम आहे, या समजुतीत काकूंनी पिशवीत कपडे घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले आणि दिव्यानं आत बघितलं. मग एक तपासणी सांगितली.

ती खोली अंधारी होती. नानांनी एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं होतं. हातात एक कळ. आत कुठेतरी ठिपका चमकला की कळ दाबायची. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर काकूंशेजारी बसले होते आणि मला कळीचा आवाज ऐकू येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. पुन्हा काही नाही. मग एकदम भराभर, टक टक टक टक, एका लयीत.

"बाबा," आतली मुलगी म्हणाली, "दिसल्यावरच दाबायचं. अंदाजानं दाबू नका. मशीनला कळतं."

आवाज थांबले. खूप वेळानं एक टक ऐकू आली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन गोल होते, दोन्ही कडेनं काळे, मध्ये रुपयाएवढी पांढरी जागा. "हा मोतीबिंदू नाही," त्या म्हणाल्या. "काचबिंदू आहे. यात दुखत नाही, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो. थेंब सुरू करू या. आहे ते टिकवायचा प्रयत्न करायचा. गेलं ते मात्र परत येत नाही."

"आपरेशन करून बी न्हाई?" काकूंनी विचारलं.

"नाही, मावशी. सहा महिने आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं." त्यांनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, पण थकल्या होत्या. "इतकं होईपर्यंत घरात, कामावर, कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला माहीत होतं, शब्दही तयार होते.

"कुनाच्या न्हाई," नाना म्हणाले. ते सरळ समोर, डॉक्टरीणबाईंकडे बघत होते. "मी कळूच दिलं न्हाई कुनाला."

मी तोंड मिटलं.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं. औषधाच्या थेंबांनी नानांना उजेड सोसेना, ते भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहिले. काकूंनी कपड्यांची पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तू व्हतीस म्हनून बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तू सांभाळलंस म्हनून त्यांचं मार्चपतुर निभावलं. तुझं उपकार म्या इसरायची न्हाई."

नानांनी डोळे उघडले नाहीत. मी मान हलवली आणि रिक्षा बघायला पुढे गेले.